गोइत्सा नावाची वनस्पती

"सगळ्या पानांना कागदाचाच वास येतोय, पोरी," आपोलोनिया आजी म्हणाली आणि तेओदोझ्याबाईंचा चेहरा उतरला.

आजी आंधळी असेल हे आम्हा दोघींच्या डोक्यातच आलं नव्हतं. पोलंडमधल्या क्राकुफच्या आमच्या शब्दकोशाच्या कचेरीतून चाळीस वाळलेल्या वनस्पती पुठ्ठ्यांवर चिकटवून जपून आणल्या होत्या. शहाणपण आमचं, दुसरं काय!

बाईंना छळत होतं एकच नाव : गोइत्सा, म्हणजे जखम भरून काढणारी. पंधराव्या शतकातल्या एका पोथीत ते एका झाडाला दिलेलं, दुसरीत भलत्याच, तिसरीत आणखी तिसऱ्याच. नाव हिंडत राहिलं, मूळ झाड हरवलं. दर पंधरा ऑगस्टला देवमातेच्या सणाला बायका झाडपाल्याच्या जुड्या चर्चमध्ये आणतात, तेव्हा बाई गावोगाव विचारत फिरायच्या. अशी एकतीस वर्षं गेली. लग्न राहिलं, घर राहिलं. आम्ही त्यांना 'गोइत्साबाई' म्हणून चिडवायचो, मीच जास्त. आता सोमवारी शब्दकोशातलं त्या नावाचं पान छापायला जाणार होतं आणि हे झाड ओळखणारी एवढी एकच म्हातारी सापडली होती.

"ताजी आण. नाकाला लगेच कळेल," आजी म्हणाली. "धाकट्याच्या बाळंतपणात आईनं मला लावली होती. ओढ्याकाठची."

"ओढा कुठाय?" बाईंनी विचारलं.

"बुजवला की!" सून म्हणाली. "बटाटे लावतो आता तिथं."

तरी बाई गेल्या. दुपारभर बांध आणि काटेरी झुडपं धुंडाळून ओचा भरून आणला. आजीनं एकेक पान चुरगळून हुंगलं.

"नाही. हीही नाही."

शेवटचं पान टाकून तिनं बाईंचा हात चाचपला. "किती गं खरचटून घेतलंस! ती असती तर लावली असती."

परतीच्या बसमध्ये बाई हातातले काटे काढत बसल्या. मला माझीच लाज वाटत होती.

सोमवारी संपादकसाहेबांनी बाईंनी लिहिलेली नोंदीची चिठ्ठी मोठ्यानं वाचली. "'एक वनस्पती. आता उरली नाही.' बाई, आपण अर्थ देतो, मृत्युलेख लिहीत नाही. दुसरं वाक्य काढा."

 बाईंनी कोरी चिठ्ठी घेतली, वळणदार अक्षरात दोनच शब्द लिहिले आणि शाई वाळेपर्यंत त्यांवर हळूहळू फुंकर घालत राहिल्या.