आकृती एकतीस : कंबरमोडी

बेचाळीस चित्रं, आणि बेचाळीस चित्रांखाली एकच मजकूर : ‘स्रोत : घरचे.’

बडनेऱ्याहून अकोल्याला निघालेल्या गाडीत रागिणी तायडे आईचा प्रबंध चाळत होती. हे वाचून ती अशी ताडकन उठून बसली की समोरच्या बाईच्या हातातला चिवडा सांडता सांडता राहिला.

“आई, हे काय हाये?”

“काय?” आईनं पेनड्राइव्ह पर्समध्येच आहे ना, हे सातव्यांदा तपासलं.

“घरचे म्हणजे? लोणचं हाये का हे? हराळी, केना, तरोटा, गोखरू, सगळी तणं मी काढली! दहा वर्षांची होती मी. नांदगाव खंडेश्वरले आबाच्या वावरात उन्हात बसून काढली. माहं नाव कुठं हाये?”

“घरच्या माणसाचं नाव कोण टाकते वं? परकी हायेस का तू?”

आभाराच्या पानावर मार्गदर्शक होते, प्रयोगशाळेतले उत्तमराव होते, नांदगावच्या एसटीचे कंडक्टरसुद्धा होते. रागिणी नव्हती. बाबाही नव्हते. अमरावतीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या आईच्या मते घरच्यांचे आभार मानणं म्हणजे त्यांना पाहुण्यांच्या पंगतीत बसवणं.

सहा महिन्यांपूर्वीची रागिणी गप्प बसली असती. उत्तर येत असूनही वर्गात हात वर न करणारी पोरगी होती ती. पण या पावसाळ्यात वक्तृत्व स्पर्धेत एकदाची बोलायला उभी राहिली, आणि घंटा वाजली तरी थांबेना. तेव्हापासून घरात, शाळेत आणि भाजीबाजारात कुणाचीच सुटका नव्हती.

तिनं आईच्या पिशवीतून विद्यापीठाची पुस्तिका ओढून काढली. ‘डिजिटल संग्रह : सादरीकरण व स्वामित्वहक्क धोरण.’ पानं चौदा. आईनं त्यातलं पहिलंच पान वाचलं होतं, कारण शेवटची तारीख त्यावर होती. ती तारीख आजची होती. पाचच्या आत प्रबंध संग्रहात चढला तरच आईला यंदाच्या समारंभात पदवी मिळणार, नाहीतर आणखी एक वर्ष वाट पाहणं आलं.

मूर्तिजापूर येईस्तोवर रागिणीनं चौदाही पानं संपवली आणि सहाव्या कलमावर बोट आपटलं. “ऐक. ‘प्रबंधात दुसऱ्या व्यक्तीने काढलेली चित्रे असल्यास त्या व्यक्तीचे नाव व लेखी परवानगी आवश्यक.’ दुसरी व्यक्ती म्हणजे मी!”

“तू कायची दुसरी? तू माही हायेस.”

“कायद्यानं दुसरी.”

“बरोबर बोलून राहिली पोरगी,” चिवडेवाली बाई मध्येच म्हणाली. “आमच्याकडं पोळ्या मी लाटतो अन नाव सासूचं होते.”

आईनं पर्स उघडून पेनड्राइव्ह आठव्यांदा तपासला.

अकोल्याला विद्यापीठाच्या ग्रंथालयात संग्रह विभाग सांभाळणारे वामनराव कपाळावर चष्मा चढवून बसले होते. पान उलटता उलटता त्यांनी विचारलं, “चित्रं कोनाची?”

“घरचीच,” आई म्हणाली.

“माही,” रागिणी म्हणाली.

दोघी एकदमच बोलल्या. वामनरावांचा चष्मा कपाळावरून नाकावर आला.

“मॅडम, इथं रोज कोनी ना कोनी ‘घरचं’ घेऊन येते. भावानं काढले फोटो, घरचे. साळ्यानं काढला नकाशा, घरचा. मंग दोन वर्षांनी साळा येते अन म्हणते, मले इचारलं होतं का? एकदा इथं चढलं का जगात कोनीबी उघडून पाहते. घरचं राहते का मंग ते?” त्यांनी खणातून एक फॉर्म काढला आणि आईकडे नाही, थेट रागिणीकडे सरकवला. “भर बेटा. वय किती?”

“पंधरा.”

“मंग पालकाची सही पायजे.” आईनं पेन उचललं, तसं वामनरावांनी अडवलं. “तुमची नाई चालत. परवानगी मागनाऱ्या तुमी, अन देनारीच्या पालकबी तुमीच?”

बाबांनी अमरावतीहून दहा मिनिटांत सही करून फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं : ‘भांडण झालं का? मी कोणाच्या बाजूनं सही केली तेवढं कळवा.’

रागिणीनं झोकात नाव लिहिलं. चित्रं कोण वापरू शकेल? ‘नाव देऊन कोणीही’ यावर खूण केली. जग तिची तणं बघणार होतं! मग चौथी ओळ आली : ‘ही सर्व चित्रे मी स्वतः काढली असून ती अन्य कोणत्याही चित्राची नक्कल नाहीत.’

पेन थांबलं.

आकृती एकतीस. कंबरमोडी. ती बांधावर, रस्त्याच्या कडेला, भिंतीच्या फटीत, कुठंही उगवते. म्हणूनच ‘उद्या काढू’ म्हणत राहून गेली होती. मग शेवटच्या दिवशी आई नांदगावच्या कृषी केंद्रात बियाण्याचं विचारत असताना छोट्या रागिणीनं खताच्या पोत्यावर उभं राहून भिंतीवरच्या तणनाशकाच्या पोस्टरवर पातळ कागद ठेवला होता आणि कंबरमोडी जशीच्या तशी उतरवून घेतली होती. पाच वर्षांत कुणाला कळलं नव्हतं. पुढंही कळलं नसतं.

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजले होते. पण ‘घरचे’ खोडून तिथं आपलं नाव लिहायचं, तर ते बेचाळीस वेळा खरं असायला हवं होतं.

“आई,” ती हळूच म्हणाली, “एक चित्र माहं नाई.”

सगळं ऐकून आईनं कपाळाला हात लावला. “मूर्तिजापूर येईस्तोवर मले कायदा शिकवला वं तू! मले!”

“कंपनीची परवानगी मागाल तर दिवाळी निघून जाईन,” वामनराव म्हणाले. “पन चित्र बदलता येते. तुमच्या सरायचा होकार ईमेलनं आला का झालं. पाचच्या आत मात्र.”

आईनं मार्गदर्शक सरांना फोन लावला आणि रागिणी कोरा कागद, पेन उचलून बाहेर पळाली.

आता हे विद्यापीठ पडलं शेतीचं. आवार असं निंदून-खुरपून चकचकीत ठेवलेलं, की कंबरमोडी औषधालाही सापडेना. गुलाबाच्या वाफ्याशी तिनं माळ्याला विचारलं, तर तो भडकलाच. “तण? माह्या बागेत?”

सरांचा होकार घेऊन आईही आली. ऑक्टोबरचं ऊन, डोक्यावर ओढणी. सहा वर्षं वावरावावरात तणं मोजत हिंडलेली बाई आज एका तणासाठी रडकुंडीला आली होती.

“आई! हे पाय!”

सायकल स्टँडच्या मागं फरशीच्या फटीतून एक लांब दांडी वर आली होती आणि तिच्या टोकावर इवलंसं फूल डोलत होतं. रागिणी तिथंच फतकल मारून बसली. आईनं प्रबंधाची फाइल उघडून तिच्या डोक्यावर धरली.

“पाकळीच्या टोकाले तीन दात असतात. नीट मोज.”

“मोजले. पोस्टरवर पाकळ्या गोल होत्या, आई. पाच वर्षं तुह्या प्रबंधात चूक होती.”

“काढ मुकाट्यानं.” पण फाइल जराही हलली नाही.

चित्र संपलं तेव्हा रागिणीची कंबर खरंच मोडली होती. साडेचारला स्कॅन झालं. आईनं संगणकावर बसून स्वतःच्या हातानं ‘घरचे’च्या जागी ‘रागिणी सुगत तायडे’ टाकलं, सगळीकडे एकदम, एका बटणासरशी. वामनराव शेवटची नजर फिरवायला बसले आणि खो खो हसू लागले.

“मॅडम, पान अठ्ठ्याऐंशी. ‘या भागातील बहुतांश शेतकरी रागिणी सुगत तायडे बियाणे वापरतात.’”

“घरचे बियाणे! अवो, ते घरचे बियाणे होतं!” आई किंचाळली.

“राहू दे न आई!”

ते मागं घेऊन नीट करायला नऊ मिनिटं गेली. चार वाजून एक्कावन्न मिनिटांनी फॉर्मच्या चौथ्या ओळीखाली रागिणीची सही झाली, आणि पाचला दोन मिनिटं कमी असताना प्रबंध चढला. वामनरावांनी पोच दिली. एक आईला, एक रागिणीला. “तुह्या नावानं वायली. नीट ठेव.”

परतीच्या गाडीत रागिणीनं आईच्या फोनवर संग्रह उघडला आणि शोधाच्या चौकटीत स्वतःचं नाव टाकलं. एक नोंद सापडली. तिनं फोन आईच्या नाकासमोर धरला. आईनं एकेक चित्र बघत एकतिसावं उघडलं आणि बोटांनी मोठं केलं.

“हे दांडीवर काळं काय हाये? शाई सांडली का?”

“मुंगी.”

“प्रबंधात मुंगी कावून?”

“तिथं होती म्हणून.”

आईनं चित्र आणखी मोठं केलं आणि ओठ हलवत काहीतरी मोजलं.

“सहा,” ती म्हणाली. “बरोबर हायेत पाय.”