सेसिलचे विनोद आणि चहाचे ट्रे

ब्रायटनच्या नाटकगृहात दुपारच्या खेळाला मध्यंतरात प्रेक्षकांच्या मांडीवर चहाचे ट्रे येत. दुसरा अंक सुरू झाला तरी कपबश्यांचा खणखणाट थांबत नसे. विनोदी नट सेसिल थॉर्नबीचं डोकंच फिरे.

"वीस वर्षं मी नाटक करतोय की भांडी विसळतोय? समोरच्या म्हाताऱ्या माझे विनोद बिस्किटांसारखे चहात बुडवून गिळतात!" शेवटी त्यानं मॅनेजरला ठणकावलं, "ऑब्री, चहा तरी राहील, नाहीतर मी तरी!"

ऑब्रीनं चहा बंद केला.

त्या दुपारी सेसिलचा शब्दन् शब्द शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू गेला. एकही माणूस हसला नाही.

पडदा पडताच तो तणतणत ऑब्रीच्या खोलीत शिरला.

"माझ्या खेळाचा चहा बंद करायला कुठल्या गाढवानं सांगितलं तुला?"