साहेबांचा जिताडा

आमच्या घरात काडेपेटीतली काडी एकदा जळून सुटत नसे. स्टोव्ह पेटला की सासूबाई ती जळकी काडी डब्यात ठेवत आणि संध्याकाळी देवापुढचा दिवा लावायला तीच पुन्हा स्टोव्हवर धरत. साबणाची वडी दोऱ्याने कापायची, उकळलेली चहापूड उन्हात वाळवून पुन्हा उकळायची, नारळाची एक कवड तीन कालवणांना पुरवायची. लग्न होऊन आले तेव्हा मला याचं कौतुक वाटलं. मग हसू यायला लागलं, मग राग, आणि सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराला, ही गोष्ट घडली तेव्हा, नुसता कंटाळा उरला होता. दिवसभर शेतात राबलेलं माणूस निदान रात्री आडवं होतं. काटकसरीला सुट्टी नसते.

सासूबाईंचं नाव आवडाबाई. डोंबिवलीच्या खाडीकाठचं आमचं आगरी गाव. सासऱ्यांच्या वेळी मिठागर होतं, ते गेलं. शेती कारखान्यांत गेली आणि आलेला पैसा नणंदांच्या हळदींत गेला. ज्या घराने मीठ पिकवलं त्या घराने मीठ विकत आणायचं, हे सासूबाईंच्या इतकं जिव्हारी लागलं होतं की कालवणात त्या मीठसुद्धा हात आखडून घालत.

एका बाबतीत मात्र त्यांचा हात सैल होता. घरामागे बांधालगत एक लहानसं तळं राहिलं होतं. भरतीला बांधातल्या उघाडीच्या झडपेतून खाडीचं पाणी आत यायचं आणि त्याबरोबर कधीमधी जिताडा माशाचं पिल्लू. ते पिल्लू सासूबाई लेकरासारखं वाढवत. स्वतः चटणी-भाकर खात आणि बाजारातली ताजी बारीक मासळी त्याच्यासाठी तळ्यात टाकत. जिताडा खायचा नसतो, द्यायचा असतो, हा आमच्याकडचा कायदा. तलाठ्याला दिला, सातबारा निघाला. डॉक्टरला दिला, सासरे चार दिवस जास्त जगले. "मोठ्या मानसाला मोठा मासा," असं त्या म्हणत. मी आगऱ्याची लेक आणि आगऱ्याची सून, पण जिताडा कधी माझ्या जिभेला लागला नव्हता.

माझे यजमान काळुराम केमिकल कंपनीत कित्येक वर्षं टेंपरवारी होते. ठरावीक दिवस भरत आले की घरी बसवायचे, पुन्हा बोलवायचे. घरी बसवलं की सासूबाई साबणाचे तुकडे आणखी बारीक करत. हे पर्मनंट झाले की ही कुतरओढ थांबेल, एवढीच माझी आशा होती. माझी हाव तरी केवढी? एक अख्खा नारळ फोडायचा आणि एकाच दिवसात संपवायचा.

त्या वर्षी कंपनीत गुरुदत्त नावाचे नवे साहेब आले. पर्मनंट करायच्या कामगारांची यादी त्यांच्याच हातात होती. साहेब कारवारकडचे, मासे खाणारे, याची आम्ही नीट चौकशी केली. सासूबाईंनी रविवारी सकाळी तळ्यात जाळं टाकायला लावलं. जिताडा निघाला तो असा तगडा, की गावातली पोरं बघायला जमली. ओल्या गोणपाटात गुंडाळून ह्यांनी तो सायकलला बांधला. सासूबाईंनी वाटेला लागलेल्या सायकलला हात जोडले.

दुपारी हे परत आले, ते मागच्या दाराने. सायकलवर गोणपाट तसंच होतं.

"साहेब घरी नव्हते?" मी विचारलं.

"होते. मासा बगून खूश झाले. बाईंनी परात आणली. मंग विचारलं, कुठला? मी सांगितलं, आमच्या तल्यातला, खाडीच्या पान्याचा."

"मग?"

"बाईंना म्हणाले, परात आत ने. मना बाजूला घेतलं. म्हणाले, काळुराम, आपण खाडीत काय सोडतो ते तुला माहीत नाही? मुलांना तर देत नाहीस ना हे?"

मासा तिथेच पुरून टाकावा म्हणून मी कुदळ शोधायला वळले, तर दारात सासूबाई उभ्या. त्यांनी फक्त गोणपाट पाहिलं.

"नाय घेतला?"

"नाय," हे म्हणाले.

आता ह्या रडतील असं मला वाटलं. त्या क्षणभर उंबऱ्यावर टेकल्या आणि चक्क हसल्या. "बरं झालं. साहेबाच्या नशिबात नाय. आज आपून खाव."

मग त्या बाईने जे केलं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. अख्खा नारळ फोडला. तेल मोजून नाही, ओतलं. लसूण मूठभर. वाटण वाटताना गुणगुणत होत्या. मी ह्यांच्याकडे बघत होते आणि हे जमिनीकडे. दोघांपैकी एकाने बोलायला हवं होतं. पण उभ्या जन्मात पहिल्यांदा खुशीत आलेल्या बाईला काय सांगायचं, आणि कुठल्या तोंडाने?

पानं मांडली. सासूबाईंनी सगळ्यात मोठी तुकडी माझ्या लेकीच्या ताटात घातली. लेकीने हात घातला, आणि मला राहवलं नाही. मी तिचं ताट ओढलं, चुलीवरचं पातेलं उचललं आणि सगळं मागच्या अंगणात मातीत ओतलं.

"मांजरीनं तोंड घातलेलं," मी म्हणाले.

सासूबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या उठल्या, तांब्या घेऊन अंगणात बसल्या आणि मातीतली एकेक तुकडी उचलून पाण्यात घालायला लागल्या. "धुतलं की झालं. एवढा मासा टाकायचा काय गो?"

तेव्हा हे पुढे झाले. "आये, टाक ते. इख हाय त्याच्यात. कंपनीचं पानी खाडीत जातं, तेच आपल्या तल्यात येतं. रातपालीला मीच सोडतंय."

सासूबाईंचा हात पाण्यात थांबला. "कवापासून?"

"लागलो तवापासून."

त्यांनी तळ्याकडे तोंड फिरवलं. आमची पोरं दारात भुकेली उभी होती. मग त्यांनी मान न वळवता विचारलं, "मंग तुज्या पर्मनंटचं काय झालं?"

मी हे विचारायचंच विसरले होते.

"झालं," हे म्हणाले. "साहेबांनी माजं नाव आधीच लावलेलं. त्याच खात्यात."

सासूबाईंनी तांब्यातलं पाणी तुकड्यांसकट मातीत ओतलं. पदराला हात पुसले, पुन्हा पुन्हा पुसले.

"नोकरी सोडू नको रं, कालू," त्या म्हणाल्या.

मला त्यांचा राग यायला हवा होता. पण तेच शब्द माझ्याही ओठांवर आले होते. त्यांनी ते माझ्याआधी उच्चारले, एवढंच.