चढणाऱ्याची मजुरी

झिपरूने दोर खांद्यावर टाकला आणि विहिरीकडच्या नारळाच्या झाडाकडे पाऊल उचललं, तेवढ्यात ओट्यावरून धर्माजी म्हणाला,

"ते राहू दे."

"दादा, वर नारळ सुकून गेलेत. खाली माणसं वावरतात. एखादा डोक्यात बसला म्हणजे?"

"राहू दे म्हटलं ना."

झिपरू थांबला. आज सकाळपासून त्याने घिवलीच्या या वाडीतल्या बाकी सगळ्या झाडांचे नारळ उतरवले होते. विहिरीकडचं तेवढं उरलं होतं. ते धर्माजीच्या बायकोचं, दमयंतीचं झाड. दिवाळीच्या तोंडावर ती गेली, तेव्हापासून त्याला कोणी हात लावला नव्हता.

झाडं वाटून द्यायची रीत दमयंतीचीच. घरातल्या प्रत्येकाच्या नावाचं एक झाड. मुलगी मेघाली दहा वर्षांची झाली तसं गोठ्यामागचं झाड तिला दिलं. त्याचे नारळ तिचे, नारळांचे पैसे तिचे, पण वह्या-पेन, सायकलचं पंक्चर हेही त्यातूनच. आणि चढणाऱ्याची मजुरी सगळ्यांच्या आधी. नारळ किती निघाले ते नंतर बघायचं. पहिल्या वर्षी झाडाला उंदीर लागले आणि पोरीच्या पदरात करवंट्या आल्या, तरी दमयंतीने तिलाच मजुरी द्यायला लावली होती. पोर रडली. धर्माजी खिशात हात घालायला गेला तर बायकोने त्याच्याकडे असं बघितलं, की हात खिशातच राहिला.

आता मेघाली नववीत होती, आणि आईने शिकवलेलं सगळं सांडून बसली, असं धर्माजीला वाटत होतं. सायकलचा टायर फाटून महिना होत आला. त्याने म्हटलं, तुझ्या नारळाच्या पैशांच्या डब्यातून घे. ती म्हणाली, डब्यात नाय. मग पोर शाळेला चालत जाऊ लागली. गेले कुठे पैसे, तर काही बोलायची नाही. मोबाइलात घालवत असेल, बोईसरला मैत्रिणींबरोबर खात असेल, असं काहीबाही त्याच्या मनात यायचं. आई नसली की पोरी अशाच वाहवतात, असं गावात कोणीतरी बोललं होतं. ते त्याच्या डोक्यातून जात नव्हतं.

झिपरू विहिरीवर पाय धुऊन आला. मेघाली घरातून आली आणि तिने त्याच्या हातावर नोटा ठेवल्या. धर्माजीने ओट्यावरूनच बघितलं. दोन नोटा. शंभराच्या.

तो उठला.

"झिपरू, झाडाचे शंभर ठरलेत ना? हिच्या एका झाडाचे दोनशे? पोर बघून फसवतोस?"

झिपरूचा चेहरा उतरला. त्याने एक नोट मेघालीपुढे धरली.

"घे बाय. मी तुला तवाच सांगितलेलं, नको म्हणून. बघ, आता माझ्यावर आलं."

"काका, ठेवा ती," मेघाली म्हणाली. मग बापाकडे न बघता म्हणाली, "दुसरी नोट आईच्या झाडाची हाय."

"त्याच्यावर कुठे चढला तो?"

"तुमी चढू देत नाय. त्यांनी तर दिवस मोडलाय ना. आई बोलायची, गडी बोलावला की मजुरी लागू झाली. मग चढवलं नाय तर तो आपला दोष."

"मागच्या वेळीपण दिलेस?"

"दर वेळी."

झिपरू हसला, पण हसू धड नव्हतं. "पैसे न घेता पळून जाऊ लागलो तर फाटकापर्यंत मागे आली, दादा. वयनीचीच अवलाद."

धर्माजी ओट्याच्या कडेवर बसला. मेघालीच्या चपलेचा अंगठा तुटला होता, तो तिने तारेने बांधला होता. हे त्याला आज दिसलं.

"मला का नाय बोललीस?"

ती नखाने ओट्याचं शेण खरवडू लागली.

"त्या झाडाचं नाव काढलं की तुमी जेवत नाय."

वाडीत कुठेतरी झावळी गळून पडली. झिपरूने दोर या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. धर्माजीने बंडीच्या खिशात हात घातला, हाताला आल्या त्या नोटा काढल्या आणि पोरीपुढे धरल्या.

"हे घे. टायर आण."

"नको."

"का?"

"मजुरी माझी गेलीय. आता त्याचे नारळ निघतील ते माझे." मग थोडं थांबून म्हणाली, "अर्धे. झाड तुमचं."

"झाड माझं नाय."

"मग कोणाचं?"

त्याचा पुढे केलेला हात तसाच राहिला.

"चढू का नको तेवढं सांगा," झिपरू म्हणाला. "ऊन तापतंय."

धर्माजीने मान हलवली. होकाराचीच असावी, कारण झिपरू निघाला. त्याने झाडाला दोर लावला, बुंध्याला हात लावून कपाळाला लावला आणि वर सरकू लागला. धर्माजी त्याच्या मागोमाग गेला आणि मान वर करून बुंध्यापाशीच उभा राहिला. मेघालीने त्याचा दंड धरला आणि त्याला विहिरीच्या कट्ट्यापर्यंत ओढत नेलं. तो आला.

वरून झिपरूची हाक आली.

"सुके तेवढेच, का शहाळीपण?"

धर्माजीने तोंड उघडलं.

"सुके काढा!" मेघाली ओरडली. "शहाळी पुढच्या फेरीला!"

त्याला विचारायला तिने मान वळवलीही नाही.