रुपचंद यांची सही

हेमलताने स्कूटी उभी केली तेव्हा कर सल्लागार प्रेमराज सरांच्या ऑफिसच्या बंद शटरपाशी यशोदाबाई थांबलेल्या होत्या. यावलहून पहिल्या एसटीने जळगावला आलेल्या. नेहमीसारखं हसल्या नाहीत. हातातला मोबाइल सरळ तिच्यासमोर धरला.

"ताई, ते कधी आल्ते?"

मेसेज हेमलताच्याच ऑफिसातून, काल संध्याकाळी सहाला गेलेला होता. 'नमस्कार. रुपचंद यांची सही घेणे, हे आपले काम पूर्ण झाले आहे. धन्यवाद.'

हेमलताने कुलूप काढून शटर वर केलं.

रुपचंद हे यशोदाबाईंचे यजमान. चार वर्षांपूर्वी सुरतेला जातो म्हणून गेले, ते परत आले नाहीत. केळीच्या रोपांची रोपवाटिका दोघांच्या भागीदारीत होती. भागीदारी मोडून ती एकट्या यशोदाबाईंच्या नावावर करायची, तर त्यांची सही हवी. तेव्हापासून ते काम ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये अपूर्ण म्हणून पडून होतं. दर दोन-तीन महिन्यांनी हेमलता फोन करून विचारायची, काही पत्ता लागला का. यशोदाबाईंचं उत्तर ठरलेलं, नाही ताई, राहू द्या. फोन ठेवल्यावर हेमलताला भरून यायचं. बाई अजून वाट बघतेय, आपण निदान विचारतो तरी. त्या फोनची नोंद मात्र ती कधी करत नसे. ते ऑफिसचं काम आहे असं तिला वाटतच नसे.

आणि तिथंच घोटाळा झाला. अपूर्ण कामांची यादी मारुतीच्या शेपटासारखी वाढत चालली, तेव्हा प्रेमराज सरांनी काहीतरी करा म्हणून तिच्यामागे लकडा लावला होता. दोन दिवस खपून तिने एक नियम बसवला, सहा महिने ज्या कामाला कुणी हात लावला नाही, ते आपोआप बंद. काल संध्याकाळी तो सुरू केला आणि दोनशे अकरा कामं डोळ्यांदेखत यादीतून गेली. सरांनी सगळ्यांसाठी कचोरी मागवली. बंद झालेलं काम सॉफ्टवेअर पूर्ण झालेलं धरतं आणि ग्राहकाला तसं कळवूनही टाकतं, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

आत आल्यावर यशोदाबाई खुर्चीच्या कडेवर टेकल्या. समोर ठेवलेल्या पाण्याला हात लावला नाही. एकटेच होते का, कुठे उतरलेत, माझ्याबद्दल काही विचारलं का, घराकडे येतो म्हणाले का, एकामागून एक विचारत राहिल्या. उत्तराला थांबतही नव्हत्या. हेमलताने कॉम्प्युटर सुरू केला, उगाच माऊस हलवला, पंख्याचं बटण दाबलं. उरलेल्या दोनशे दहांपैकी कुणाकुणाच्या घरी काय काय पोचलं असेल, हेही डोक्यात घुमत होतं. शेवटी ती टेबल सोडून त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली.

"अक्का, ते आले नव्हते. कुणीच आलं नाही. तो मेसेज चुकून गेला. चूक माझीच आहे."

यशोदाबाईंनी मोबाइल उघडून मेसेज पुन्हा वाचला.

"नक्की?"

"नक्की."

आता ही बाई कोसळणार, म्हणून हेमलताने हात पुढे केला. यशोदाबाईंनी पेला उचलला, एका दमात रिकामा केला आणि पदराने गळ्यावरचा घाम पुसला. मग हळूहळू बोलायला लागल्या. मेसेज वाचल्याबरोबर भावाला फोन केला होता. तो मोटारसायकल घेऊन आला आणि त्यांच्या मुलीला, रोशनीला, पहूरला आपल्या घरी घेऊन गेला. रोपांना पाणी द्यायला येणाऱ्या बायांना त्यांनी दोन दिवस येऊ नका म्हणून सांगितलं. शेजारच्या किरणकडून दाराला आतून दुसरी कडी बसवून घेतली.

हेमलताने पुढे केलेला हात मागे घेतला.

"मला वाटलं, तुम्ही त्यांची वाट बघताय."

"वाटेवर डोया व्हता खरा," यशोदाबाई म्हणाल्या. "येतीन म्हनून नाही. आले त पोरीले घेऊन कुठं जाऊ, म्हनून." मग खाली बघत म्हणाल्या, "तुमचा फोन आला का मले तेच वाटे. आता ताई सांगतीन, ते सापडले."

हेमलताने मान वळवली. चार वर्षांत असे किती फोन केले, ते तिला मोजवेना.

सहीऐवजी वर्तमानपत्रात नोटीस द्यायचा मार्ग सरांनी मागेच सुचवला होता. तेव्हाही यशोदाबाई नको म्हणाल्या होत्या. आपलं नाव छापून यावं आणि ते त्यांनी वाचावं, हेच त्यांना नको होतं. का नको, हे कुणी विचारलं नव्हतं. हेमलताने आता पहिल्यांदा सगळं नीट विचारून घेतलं. मग सांगितलं, जुनी भागीदारी कागदावर आहे तशी राहू द्या. तुमच्या एकटीच्या नावाने नवी रोपवाटिका नोंदवू. त्यांची सही लागणार नाही, नोटीसही नाही. यशोदाबाईंनी पिशवीतून आपलं आधार कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

ऑफिसात माणसं येऊ लागली होती, फोनही खणखणू लागले होते. हेमलता तरीही त्यांना सोडायला बसस्टँडपर्यंत चालत गेली. यावलची गाडी लागायची होती. यशोदाबाईंनी पहूरला फोन लावला. पलीकडून पोरगी बरंच काही विचारत असावी; त्या नुसतं हूं हूं करत होत्या.

"मामाले सांग, दुपारच्या गाडीत बसवून दे," त्या म्हणाल्या. "ये घरी. घरी कोनी नाही."