काळ्या पिशव्यांची काजं

टक्! जाड काळ्या कापडात माझी सुई मोडली.

मी एक जुनं शिलाई मशीन आहे, मित्रांनो. कारखान्यात मी घडलो, पण मला चालतं केलं माझ्या बाईनं. तिला सगळे काजवाली म्हणत. तिच्यासारखं नेटकं काज कुणाला जमत नसे. मला तेल घालताना ती माझ्याशी गप्पा मारायची. किती शाळांचे गणवेश, किती झबली शिवली आम्ही!

मग सरकारचा मुकादम आला. काळ्या कापडाचा तागा माझ्यावर आदळून म्हणाला, "पिशव्या शिवायच्या. डोक्यापासून गळ्यापर्यंत. चौकात घोषणा देणारे पकडले, की त्यांना घालायच्या."

"माणसांना?"

"मग काय भोपळ्यांना? नाही म्हणालीस, तर मशीन उचलून नेईन."

मला असा संताप आला! झबली शिवणाऱ्या सुईनं हे शिवायचं?

बाईची लेक ठकी एक पिशवी डोक्यात घालून खिदळली, "आई, मी कुठाय?" आणि भिंतीवर आदळली. बाईनं पिशवी ओढून काढली.

"अगं, शिव गपचूप," तिची जाऊ म्हणाली. "आपल्याला काय करायचंय?"

"शिवते की. पण नीट शिवते."

बाजू मी शिवल्या. मग तिनं हातानं प्रत्येक पिशवीला दोन काजं केली. डोळ्यांच्या जागी. जावेनं आधी कपाळावर हात मारला, आणि मग तीच गल्लीभर सांगत सुटली. हेच काम मिळालेल्या घराघरांत तशाच पिशव्या झाल्या.

मुकादमानं गठ्ठा उघडला. "ही काय थट्टा?"

"थट्टा कसली, मुकादम? माणूस म्हटला की डोळे असणारच. कोण मारतंय, ते दिसू दे त्याला."

दुसऱ्या दिवशी शिपाई आले. मला ढकलून पाडलं. माझं चाक वाकलं. वाकू दे! मित्रांनो, मला पुसू नका, तेल घालू नका, चालेल. पण आपल्या हातून कुणासाठी काय तयार होतंय, ते बघत जा. तसलं काही शिवण्यापेक्षा मी गंजून पडेन!

मग त्यांनी बाईच्याच डोक्यात पिशवी घातली. दुसरीकडून आणलेली, बिनकाजांची. तिनं हात उगारला नाही, मानही खाली घातली नाही. ठकी तिच्या कमरेला बिलगली आणि वर बघत म्हणाली,

"आई, मी दिसतेय का गं तुला?"