गाठीत न गेलेली सही

मोठ्या माणसांच्या चुकाही मोठ्या असतात. आमच्या चित्रकारसाहेबांची तर चांगली दोन हात लांब आणि दोन हात रुंद होती.

आमच्या कारखान्यात डोक्याला बांधायचे रेशमी स्कार्फ छापत. नावाजलेल्या चित्रकारांकडून चित्रं घ्यायची ही मालकांची नवी टूम. चित्रातले रंग वेगळे करून एकेका रंगाची स्क्रीन, म्हणजे छपाईची जाळी, बनवणं माझं काम. सात वर्षं स्क्रीन धुतल्यावर ते मिळालेलं, म्हणून जिवापाड जपलेलं.

साहेबांनी मधोमध भलामोठा करकोचा काढला होता आणि खाली कोपऱ्यात सही. पहिला नमुना भिंतीला टाचून ते आणि मालक डोळे बारीक करून बघत होते.

मी म्हटलं, "साहेब, बांधून बघा. घडी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पडते. करकोच्याचे दोन तुकडे होतील आणि तुमची सही हनुवटीखालच्या गाठीत जाईल."

"बाई, चित्र भिंतीवर बघतात."

"बायका भिंतीला स्कार्फ बांधत नाहीत, साहेब."

मालकांनी कपाळाला हात लावला. "हिचाही एक नमुना होऊ दे. गुरुवारी दुकानांसाठी माल निवडणाऱ्या बाई येतील. त्यांना तुझा आवडला नाही, तर तू परत स्क्रीन धुवायला."

मी बोलून तर बसले. सात वर्षांचं साबणाचं पाणी पुन्हा हातांना झोंबू लागलं.

माझी मावशी तिथेच स्कार्फच्या कडा शिवायची. तिच्या डोक्याला कोरं रेशीम बांधून मी खडूने करकोचा आखला: पाय पाठीवर लोंबणाऱ्या टोकाशी, मान मानेवर, चोच टाळूवर. सही पायांशी.

"माझी मान आहे की फळा?" मावशी कुरकुरली.

त्यावरून स्क्रीन बनवल्या आणि घडीखाली उरलेल्या अर्ध्यात तोच करकोचा मी निळा छापला. घडी उलटली की दुसरा स्कार्फ.

गुरुवारी बाई आल्या. साहेबांचा स्कार्फ भिंतीवर पाहून त्यांनी तोंडभरून कौतुक केलं आणि आरशासमोर जाऊन तो बांधला. कपाळावर अर्धी चोच आली, पाय आतल्या घडीत गेले, सही गाठीने गिळली.

"हे काय बसलंय माझ्या डोक्यावर?" त्या म्हणाल्या. साहेब स्वतःच्या बुटांकडे बघत राहिले.

मी मावशीला हाक मारली. ती माझा स्कार्फ बांधून आली आणि जन्मात पहिल्यांदाच एक शब्द न बोलता पाठमोरी उभी राहिली. करकोचा अख्खा होता. तिने मान वळवली, तशी त्यानेही वळवली.

"हाच," बाई म्हणाल्या. "आमच्या सगळ्या दुकानांत हाच."

मावशीच्या डोक्यावरून स्कार्फ सोडवून साहेबांनी तो टेबलावर पसरला. मग त्यांनी पेन्सिल माझ्यापुढे धरली. "करकोचा माझा, पण उभा तू केलास. माझ्या सहीशेजारी तुझी कर."

आजवर मी फक्त हजेरीपटावर सही केली होती. मला रडू आलं, तरी सही सरळ आली.

आता तो स्कार्फ संग्रहालयात आहे. तिथले लोक तो भिंतीवर सपाट लावणार होते. मी स्वतः जाऊन भांडले. आज तो लाकडी डोक्यावर बांधलाय, पाठ दाराकडे करून. आत येणारा प्रत्येकजण आधी दोन सह्या वाचतो.